घोड्याच्या कानांचे चार रविवार : एका निरीक्षणवर्गाचा अभिप्राय

गेल्या श्रावणात माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या खांद्याला घोडी चावली. ती तेव्हा जिथे घोडेस्वारी शिकत होती, तिथे खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा, आवळताना हे घडले. अंगात जाड जॅकेट असल्याने दात आत शिरले नाहीत, परंतु चंद्रकोरीसारखे दोन ठसे आठवडाभर निळे राहिले. शिक्षकांनी घोडी खोडकर असल्याचे सांगून विषय मिटवला. आम्ही निघालो तेव्हा खरारा करणारे वयस्क मोतद्दार मामा फाटकापर्यंत आमच्या मागे आले आणि म्हणाले, “ताई, घोडी वाईट नाही. तिनं पोरीला दोनदा सांगितलं होतं. तंगाला हात लागला तसे कान पाडले, मग मान वळवली, मग चावली. पोरीला कान बघायला कुणी शिकवलंच नाही, तर तिची तरी काय चूक?” मामांचे ते बोलणे डोक्यातून जाईना, म्हणून घोड्याची देहबोली शिकवणारे कुणी आहे का याची मी चौकशी सुरू केली आणि पुण्याच्या पूर्वेला, शहरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या दुसऱ्याच एका अश्वारोहण शाळेत चालणाऱ्या निरीक्षणवर्गात आम्ही दोघींनी नाव घातले. त्या वर्गाचा हा अभिप्राय आहे. शाळेचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे एक गंभीर तक्रारही आहे आणि ती मी शाळेच्या चालकांपाशी समोरासमोर मांडलेली आहे.

वर्ग चार रविवारांचा असतो. वेळ सकाळी साडेसहा ते साडेनऊ, शुल्क माणशी ४,८०० रुपये, लहान मुलासोबत पालक असल्यास मुलाचे निम्मे. आमच्या तुकडीत बारा जण होते आणि त्यांत पशुवैद्यकीय महाविद्यालयातील दोन विद्यार्थी, लग्नाच्या वरातीसाठी घोडी पुरवणारे एक गृहस्थ, सोलापूर जिल्ह्यातील एक शेतकरी व त्यांचा मुलगा असे निरनिराळे लोक असल्याने प्रश्नही निरनिराळे निघत. चारही दिवस कुणालाही घोड्यावर बसवत नाहीत. हे आधी स्पष्ट सांगितले जाते, तरी दोघे जण पहिल्या दिवशी हिरमुसले आणि पुन्हा आले नाहीत. मला मात्र या वर्गातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच वाटली.

लष्करातून निवृत्त झालेले शिक्षक, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणतात, त्यांनी पहिल्या रविवारी काहीही न शिकवता प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद दिला, कुंपणाबाहेरच्या बाकावर बसवले आणि समोरच्या एकाच घोड्याचे कान चाळीस मिनिटे पाहून जे दिसेल ते वेळेसह लिहायला सांगितले. माझ्या वाट्याला शर्यतींतून निवृत्त झालेला एक उंच थरोब्रेड घोडा आला. पहिली पाच मिनिटे मला काहीच लिहिता आले नाही, कारण कान सतत हलत होते आणि त्या हलण्याला काही अर्थ असेल असे वाटत नव्हते. मग हळूहळू नजर बसली. डावा कान फाटकाकडे होता आणि फाटकावर माणूस नव्हता. मिनिटभराने दुधाची मोटारसायकल आली. उजवा कान त्याच वेळी मागे, शेजारच्या ठाणातील घोडीकडे वळलेला होता. मोटारसायकल बंद पडली तसे दोन्ही कान क्षणभर ताठ पुढे झाले, मान उंचावली, आणि नंतर एक लांब फुरफुर करून घोड्याने मान खाली घातली. कान सैल पडले, बाजूला झुकले, पुन्हा चरणे सुरू झाले. चाळीस मिनिटांत माझ्या कागदावर त्रेसष्ट नोंदी झाल्या. मुलीच्या कागदावर एकाहत्तर होत्या, आणि घोडा शेपटी कधी हलवतो तेही तिने न सांगता लिहिले होते.

त्यानंतर सरांनी जे समजावले, ते या नोंदींमुळे चटकन मनात उतरले. माणसाचा बाह्य कान हलवू शकणारे स्नायू तीन, आणि तेही बहुतेकांच्या कामाचे नाहीत. घोड्याच्या कानाला किमान दहा स्नायू असतात आणि प्रत्येक कान स्वतंत्रपणे जवळजवळ १८० अंशांत फिरतो. घोड्याला सुमारे ५५ हर्ट्झपासून ३३,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. माणसाची मर्यादा २० ते २०,००० हर्ट्झ एवढी आहे, म्हणजे अगदी खालच्या पट्टीतला आवाज आपल्याला घोड्यापेक्षा बरा ऐकू येतो आणि वरच्या पट्टीतला त्याला. याहून महत्त्वाची गोष्ट मला ठाऊकच नव्हती : आवाज नेमका कुठून आला हे ओळखण्यात घोडा माणसापेक्षा बराच कच्चा आहे. माणसाला एखाद्या अंशाचा फरक कळतो, तर घोड्याला सुमारे पंचवीस अंशांचा. त्यामुळे त्याचा कान आधी दिशेचा अंदाज घेतो आणि मग मान व डोळे त्या दिशेला वळून खात्री करतात. घोडा कान टवकारून झुडपाकडे पाहतो आहे आणि झुडपात काहीच नाही, म्हणून तो उगाच बुजला असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात आवाज झुडपाच्या थोडा पलीकडून आलेला असू शकतो. जोराच्या वाऱ्यात घोडे बिथरल्यासारखे का वागतात, याचाही यात बराच उलगडा होतो.

याच ओघात सोलापूरकडच्या शेतकरी काकांनी विचारले की, वारीच्या रिंगणात लाखो माणसे, टाळ आणि मृदंग यांच्या कल्लोळात माउलींचा अश्व कसा धावतो. हे आवाज अश्वाला वर्षानुवर्षांच्या सवयीने परिचित झालेले असतात, असे सरांनी सांगितले, आणि पुढच्या आषाढात अश्वाच्या पायांऐवजी त्याच्या कानांकडे पाहा, असेही सुचवले. मी हे करणार आहे.

सरांनी सांगितलेला एक प्रयोग मला फार आवडला. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील जेनिफर वॅथन आणि कॅरेन मॅककोम्ब यांनी २०१४ साली एका बादलीकडे पाहणाऱ्या घोड्याचे छायाचित्र दोन बादल्यांच्या मध्ये लावले आणि खऱ्या घोड्याला सोडून तो कोणत्या बादलीकडे जातो ते नोंदवले. छायाचित्रातील घोडा जिकडे पाहतो आहे, तीच बादली खरे घोडे अधिक वेळा निवडत. पण छायाचित्रात कान झाकलेले असतील, किंवा डोळे झाकलेले असतील, तर निवड नुसत्या योगायोगाइतकीच उरे. म्हणजे घोडे एकमेकांचे कान वाचतात. ते जर एकमेकांकडे पाहून हे करत असतील, तर त्यांच्या पाठीवर बसणाऱ्या माणसाने ते न शिकणे हा केवळ आळस आहे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

मराठीत कान टवकारणे आणि कान पाडणे हे दोन शब्दप्रयोग आपण रोज वापरतो, आणि घोड्याच्या बाबतीत आपली समज बहुधा तेवढ्यावरच थांबते : टवकारले म्हणजे खूश, पाडले म्हणजे रागावला. दुसऱ्या रविवारी सरांनी या दोन्ही समजुती मोडल्या. पुढे ताठ झालेले कान कुतूहलाचेही असतात आणि भीतीचेही. मान मध्यम उंचीवर, नाकपुड्या मऊ आणि पापण्या शांत असतील तर ते कुतूहल. मान काठीसारखी उंच, नाकपुड्या फुगलेल्या आणि अंग जागच्या जागी गोठलेले असेल तर पुढच्या क्षणी घोडा उधळू शकतो, आणि हे सगळे घडताना कान दोन्ही वेळा सारखेच दिसतात. मागे गेलेल्या कानांचेही तसेच आहे. स्वार पाठीवर बोलत असेल, लगाम किंचित सैल-घट्ट करत असेल, तर घोडा कान त्याच्याकडे मागे फिरवतो; अशा वेळी कानाची उघडी वाटी मागे वळते, पण कान मानेला चिकटत नाही. राग किंवा धमकी असते तेव्हा कान आधी मागे जातो आणि मग मानेवर सपाट दाबला जातो, वाटी दिसेनाशी होते, ओठ आवळले जातात. या दोहोंतला फरक कागदावर एका ओळीत लिहिता येतो, परंतु डोळ्याला तो कळायला मला अख्खी सकाळ लागली. माझ्या मुलीला चावलेल्या घोडीने हीच दुसरी खूण केली होती आणि तिचे म्हणणे ऐकले गेले नव्हते.

या वर्गाची मोठी उणीवही त्याच दिवशी दिसली. शाळा ३५० रुपयांना एक रंगीत तक्ता विकते, ज्यावर कानांच्या सहा स्थिती आणि त्यांखाली सहा शब्द छापलेले आहेत. तक्ता देखणा आहे, बहुतेकांनी घेतला, मीही घेतला. चित्रांतील सर्व घोडे सरळ, ताठ कानांचे, म्हणजे विलायती वळणाचे आहेत. आणि समोर उभी होती मैना नावाची काठियावाडी घोडी, जिच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना जवळजवळ टेकतात. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या कानांचा हा बाक ही त्यांची ओळख आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पाहायला आलेला जाणकार रंग, भोवरे आणि चाल यांसोबत कानांची कमान आवर्जून पाहतो. काठियावाडीचा बाक तर मारवाडीपेक्षाही अधिक. मैनेचे कान बाजूला सैल पडले तरी टोके वरच्या अंगाला वळलेलीच राहतात, त्यामुळे तक्त्याशी ताडून पाहणाऱ्या आमच्यातील पाच-सहा जणांनी ती सावध आहे असे लिहिले. ती चक्क पेंगत होती. उलट तिने कान थोडे मागे नेले तेव्हा टोकांची कमान तशीच दिसत राहिली आणि ती चिडली आहे हे आमच्यापैकी कुणालाच कळले नाही. ते कळले एकट्या इथल्या मोतद्दारांना.

या शाळेतील मोतद्दारांनाही सगळे मामाच म्हणतात, आणि माझ्या मते वर्गाचे अर्धे शिक्षक तेच आहेत. त्यांनी पुढे येऊन मैनेच्या कानाच्या मुळाशी बोट ठेवून दाखवले : “टोकाकडं बघू नका. टोक तिच्या बापाचं, मूळ तिचं.” कानाचे टोक कसे वळलेले आहे हे जातीवर अवलंबून असते, पण डोक्याला जोडलेला कानाचा बुंधा कोणत्या दिशेला फिरला आहे आणि त्याभोवतीची कातडी सैल आहे की ताणलेली, हे त्या घटकेच्या मनःस्थितीवर असते. बुंधा पाहायची सवय लागल्यावर मैना आणि थरोब्रेड दोघांचेही कान मला सारखेच वाचता येऊ लागले. मामांचे हे वाक्य तक्त्यावर कुठेच नाही. महाराष्ट्रात यात्रांमध्ये विकले जाणारे, वरातीत नाचणारे, थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवणारे घोडे पाहिले, तर त्यांत वळलेल्या कानांचे देशी घोडे भरपूर दिसतात, आणि अशा ठिकाणी शिकवणाऱ्या शाळेने केवळ विलायती कानांचा तक्ता विकावा हे मला पटत नाही. तक्ता घेऊ नये, असेच मी सांगेन. ते ३५० रुपये वाचवावेत आणि मामांच्या शेजारी उभे राहावे.

तिसऱ्या रविवारी एक छोटा अपघात होता होता टळला. एक घोडा मागचा पाय खुराच्या टोकावर टेकवून, खालचा ओठ लोंबता ठेवून, कान दोन्ही बाजूंना ढिले सोडून उभ्या उभ्या डुलकी घेत होता. विद्यार्थ्यांपैकी एक जण तो शांत आहे असे समजून सरळ मागून गेला आणि पाठीवर हात ठेवला. घोडा दचकून पुढे उसळला आणि मागचा पाय विद्यार्थ्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावरून गेला. बरोबर पाठीमागे घोड्याला काही दिसत नाही आणि झोपेत त्याचे कान कुणावरही रोखलेले नसतात, हे सरांनी दुसऱ्या रविवारीच सांगितले होते. पण झोपलेल्या घोड्याजवळ जाताना आधी बोलावे आणि एक तरी कान आपल्याकडे वळला की मगच पुढचे पाऊल टाकावे, हे सर्वांच्या अंगी उतरले ते या प्रसंगानंतर. घोड्याचा कान वळणे म्हणजे त्याने आपल्याला दिलेला होकार आहे, असे मी मुलीला सांगून ठेवले आहे, आणि ती आता ठाणात शिरताना दारातच थांबून हाक मारते.

त्याच दिवशी खराऱ्याच्या वेळी कान हाताळायचे कसे हेही शिकवले. ऐन वेळी घोडा हलू नये म्हणून त्याचा कान पिळून धरायची रीत अजून अनेक पागांत आहे. मामांनी तिच्याविषयी फार कळकळीने सांगितले. ज्या घोड्याचा कान एकदा पिळला गेला, तो पुढे लगाम चढवतानाही डोके वर फेकतो, आणि मग त्याला हट्टी म्हणून आणखी मारले जाते. कानाच्या बुंध्यापासून टोकाकडे मुठीतून हलके सरकत जाणारा हात बहुतेक घोड्यांना आवडतो. मैनेने तर त्या वेळी डोळे मिटले. कान हातात घेतल्यावर आत गोचीड आहे का आणि कान नेहमीपेक्षा गार लागतो आहे का, हेही पाहून घ्यायचे असते.

चौथा रविवार वेदनेचा होता आणि तो सर्वांत कसदार झाला. वेदनेत असलेल्या घोड्याचा चेहरा मोजण्यासाठी २०१४ साली युरोपातील संशोधकांनी एक पद्धत मांडली, जिच्यात चेहऱ्यावरील सहा खुणांना शून्य, एक किंवा दोन असे गुण दिले जातात, आणि त्यांतील पहिली खूण ताठरपणे मागे धरलेल्या कानांची आहे. उरलेल्या पाच डोळ्यांच्या कडा, डोळ्यांवरचा ताण, जबड्याचे स्नायू, तोंड-हनुवटी आणि नाकपुड्या यांच्या आहेत. सरांनी आम्हाला बारा छायाचित्रे दाखवून गुण द्यायला लावले आणि प्रत्येकाचे गुण फळ्यावर लिहून तफावत कुठे पडते ते दाखवले. पशुवैद्यकीय विद्यार्थी आणि माझी मुलगी यांचे गुण बहुतेक वेळा जुळले. त्यानंतर स्वार पाठीवर असताना पाहायची यादी शिकवली, जी ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन यांनी तयार केली आहे. तिच्यात चोवीस वर्तनखुणा आहेत आणि त्यांपैकी आठ किंवा अधिक दिसल्या तर घोड्याला स्नायू-हाडांचे दुखणे असण्याची दाट शक्यता धरावी, असे ती सांगते. कान पाच सेकंद किंवा त्याहून अधिक काळ मागे राहणे ही त्यांतील एक खूण. एक खूण दिसली म्हणून घोडा आजारी ठरत नाही, हे सरांनी दोन वेळा बजावले, आणि ते आवश्यक होते.

आता तक्रार. आमचा वर्ग चालू असताना शेजारच्या रिंगणात याच शाळेची नवशिक्यांची घोडेस्वारी चालते. चौथ्या रविवारी, डायसन यांची यादी हातात असताना, मी तिथल्या एका तपकिरी घोडीकडे पाहत बसले. तंग आवळताना तिने कान मानेला दाबले. स्वार चढताना पुन्हा दाबले. पहिल्या दोन फेऱ्यांत तिचे कान मागे होते आणि मी घड्याळावर मोजले तर एका वेळी अकरा सेकंद, एका वेळी सतरा सेकंद ते पुढे आले नाहीत. ती शेपटी सारखी झटकत होती आणि दुडकी सुरू केली की तोंड उघडत होती. तीन तासांत तिच्यावर पाच मुले बसली. मी हे सरांना दाखवले. त्यांनी पाहिले, आणि रिंगणाचा कारभार वेगळ्या माणसांकडे असल्याचे सांगितले. मी चालकांशी बोलले, तेव्हा पुढच्या आठवड्यात पशुवैद्याला दाखवू असे उत्तर मिळाले. जी शाळा कुंपणाच्या एका बाजूला कान वाचायला शिकवून पैसे घेते, तिने दुसऱ्या बाजूला तेच कान न वाचता पैसे घेणे मला सहन झाले नाही, आणि चांगल्या शिक्षकांविषयीचा आदर मनात असूनही मी हे इथे लिहिते आहे. तीन आठवड्यांनी मी मुद्दाम पुन्हा गेले. घोडी रिंगणात नव्हती. मोकळ्या कुरणात सोडलेली होती आणि पाठीच्या दुखण्यावर उपचार चालू असल्याचे मामांनी सांगितले. एवढे तरी झाले.

किरकोळ गोष्टींपैकी एकच नोंदवते. टिपणे इंग्रजीत छापलेली आहेत, त्यामुळे वरातीच्या घोड्या पाळणाऱ्या गृहस्थांना ती वाचता आली नाहीत. माझ्या मुलीने मधल्या सुट्टीत त्यांना मराठीत सांगितली आणि त्यांनी ती वहीत लिहून घेतली. ज्यांच्या हातात दिवसभर घोडे असतात, त्यांच्यासाठी ही टिपणे मराठीत हवीत, हेही मी चालकांना सांगितले आहे.

असा वर्ग आपल्या जवळपास मिळत असेल, तर मुलांना पहिल्यांदा घोड्यावर बसवण्याआधी तिथे जरूर न्यावे, आणि एवढे शुल्क योग्य आहे असे मी म्हणेन. फिक्या रंगाचे कपडे, टोपी आणि बंद बूट घालावेत, अत्तर लावू नये. पहिल्या दिवशी वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचावे, कारण सव्वासहाला कोठारातून चंदीची, म्हणजे घोड्यांच्या दाण्याची, हातगाडी निघते आणि तिच्या चाकाचा आवाज आपल्यापैकी कुणाच्याही कानी पडण्याआधी अकरा ठाणांच्या अकरा दारांतून बावीस कान एकाच बाजूला वळलेले दिसतात.